अकरा पाऊण सव्वाआठ



‘शाळेने मला काय दिलं’ यावर माझ्या आधीचे सगळे छान बोलले. मी ऐरोलीच्या खाडीबद्दल बोलते. शाळा त्यात येईलच.

आपल्या लहानपणी खाडी म्हणजे वास. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी तिथेच जायचं आणि ‘तिकडे फिरकायचं नाही’ ही घरोघरची ताकीद. आज तिथे वनविभागाचं जैवविविधता केंद्र आणि बोटीचा धक्का आहे. २०१५ साली खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, अभयारण्य झाला. २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीतही गेली.

गेल्या फेब्रुवारीत लेकीला घेऊन गेले. बोट चालवायला कोण, तर आपल्याच वर्गातला, तिसऱ्या बाकावरचा. (हसू नकोस, नाव घेत नाहीये.) मी फोनवर भरतीची वेळ शोधत होते. तो म्हणाला, “फोन ठेव गं. आज एकादशी. अकरा पाऊण सव्वाआठ. सव्वाआठला भरती.” फोनमध्ये जेमतेम वीस मिनिटांचा फरक निघाला!

बाई, तुम्ही आमच्याकडून पाऊणकी घोकून घेतलीत, तेव्हा ती कशासाठी हे आम्हाला कळत नव्हतं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरतीही तशीच सरकते. म्हणून तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. मी पंचवीस वर्षं प्रोग्राम लिहिते आहे, इतका आटोपशीर अजून लिहिलेला नाही.

पूर्ण भरतीला चिखल बुडतो, पूर्ण ओहोटीला बोट रुतते. मधल्या वेळात जायचं. दोन्ही बाजूंना तिवरं, आणि वळणापुढे चिखलावर गुलाबी पट्टा. चोच उलटी धरून ते चिखलपाणी गाळतात, त्यातलं शेवाळ खातात, आणि तोच रंग पिसांत उतरतो. पिल्लं करडीच असतात. बीएनएचएसने २०२२ मध्ये काहींना जीपीएस लावलं होतं. त्यातला हुमायून नावाचा पक्षी गुजरातेत पोचलेला नकाशावर दिसला. लेकीला हे सांगितलं, तर तिने विचारलं, “मग घर कुठलं त्याचं?”

मी उत्तर शोधत होते, तोवर आपला मित्र बोलला. त्याच्या वडिलांच्या जाळ्यात इथे जिताडा यायचा. आता वर्षाकाठी एखादा दिसला तरी बोलवून दाखवतात. “पाखरं आली, मासा गेला,” एवढंच म्हणाला. सांडपाण्यामुळे शेवाळ माजलं आणि म्हणून रोहित वाढले, असा अभ्यासकांचा एक अंदाज आहे. तो खरा असेल, तर आपण ज्याचे फोटो काढतो, ते त्याच्या घरच्या धंद्याच्या पडझडीवर पोसलेलं आहे. मला तो गुलाबी पट्टा तरीही सुंदर वाटला. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एक खोडून मला बोलता येणार नाही.

पुढच्या फेब्रुवारीत एकादशी-द्वादशीच्या आसपासचा रविवार धरून सगळ्यांनी जाऊ. बोट तोच चालवणार आहे. पैसे मात्र पूर्ण द्यायचे, वर्गमित्र म्हणून सवलत मागायची नाही. नावं जेवणाच्या टेबलाजवळच्या वहीत लिहा. बाई, तुमचं नाव मी आधीच लिहिलं आहे.