चोरून दिलेली बंदूक कोणावर उडते?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनीं मला दहशतवादावर बोलावयास सांगितलें. या विषयावर बोलणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाहीं. परंतु बहुतेक वक्ते मुठी आवळून, चार शिव्या हासडून खालीं बसतात, आणि ऐकणारा येतांना जेवढें जाणत होता तेवढेंच घेऊन घरीं जातो. मी शिव्या देणार नाहीं. हत्यारें कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेलीं, एवढेंच सांगणार आहें.

जावळी तालुक्यांतील केडंबे गांवचे तुकाराम ओंबळे यांचें नांव येथील पोरासोरांनाही ठाऊक आहे. आपल्यासारख्याच खेड्यांतला माणूस. फौजेंत नोकरी केली, मग मुंबई पोलिसांत शिरला. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या काळरात्रीं गिरगांव चौपाटीपाशीं हातांत नुसती काठी असतां त्यांनीं कसाबच्या बंदुकीची नळी धरली, ती मरेपर्यंत सोडली नाहीं. मारेकरी जिवंत सांपडला तो त्यामुळें. त्या हल्ल्यांत १६६ माणसें गेलीं. व्ही. टी. स्टेशनावर मेले ते कोण? गांवच्या गाडीची वाट पाहात, बोचकीं उशाशीं घेऊन बसलेले गरीब उतारू. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते.

आतां कोणी म्हणेल, मास्तर, मारणारे पाकिस्तानांतून आले, त्यांना लष्कर-ए-तय्यबानें धाडलें, झाला हिशेब. खून करणाऱ्याचा दोष त्याच्याच माथीं. तो मी गुंजभरही कमी करीत नाहीं. परंतु गांवावर दरोडा पडला तर दरोडेखोरास शिक्षा झाल्यावरही शहाणा पाटील दोन गोष्टी विचारल्यावांचून राहात नाहीं. यांना हत्यारें व हिंमत कोठून मिळाली? आणि आमचा जागल्या त्या रात्रीं काय करीत होता?

पहिल्या प्रश्नासाठीं अफगाणिस्तानांत जावें लागतें. १९७८ सालीं तेथें कम्युनिस्टांनीं राज्य बळकाविलें आणि खेडोपाडीं बंडें उठलीं. ३ जुलै १९७९ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं एका गुप्त हुकुमावर सही करून बंडवाल्यांना मदत सुरू केली. रक्कम लहान, सुमारें पांच लाख डॉलर. त्यांत शस्त्रें नव्हतीं. गुप्त कामें अशींच बोटभर सुरू होतात. त्याच वर्षीं डिसेंबरच्या अखेरीस रशियाची फौज देशांत घुसली. तिनें गांवेंच्या गांवें उजाड केलीं, लाखों लोक मेले, तीस लाखांहून अधिक पाकिस्तानांत पळून गेले. अशा वेळीं अफगाण शेतकऱ्यानें हत्यार उचललें, त्याला मी तरी नांव ठेवणार नाहीं. माझें म्हणणें हत्यार देणाऱ्यांच्या रीतीबद्दल आहे.

रीत अशी होती. सी. आय. ए. म्हणून अमेरिकेचें जें गुप्तहेर खातें, तें पैसा घाली. सौदी अरेबिया तितकाच पैसा घाली. पहिलीं कांहीं वर्षें शस्त्रें इजिप्त, चीन येथून घ्यावयाचीं, आणि तींही रशियन घाटाचीं, म्हणजे देणाऱ्याचा हात दिसूं नये. माल पाकिस्तानांत उतरला कीं पुढील वांटप तेथील आय. एस. आय. या हेरखात्याकडे. कोणाला किती द्यावयाचें तें तेंच ठरवी. पेशावरांत अफगाणांचे सात पक्ष मान्य केलेले होते. त्यांतील गुलबुद्दीन हेकमतियारच्या पक्षास सर्वांत मोठा वांटा जाई. हा गृहस्थ मोठा कडवा, रशियनांइतकाच आपल्या देशबांधवांशींही लढणारा, पण आय. एस. आय.च्या मर्जींतला. १९८० सालीं अमेरिकेचे सुमारें ३ कोटी डॉलर या कामीं गेले. १९८७ सालीं तोच आंकडा सुमारें ६३ कोटींवर गेला.

दुष्काळांत तगाई कशी वांटली जाई, हें ज्यांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकलें आहे त्यांना यापुढचें समजावून सांगावयास नको. पैसा एकाचा, वांटणारा दुसरा, आणि वांटणारा आपल्या सोयऱ्याधायऱ्यांचीं घरें आधीं भरणार. तगाईच्या वहीवर निदान आपला अंगठा तरी होता. येथें वहीच नव्हती. ज्या अमेरिकन मजुराच्या व शेतकऱ्याच्या करांतून हा पैसा गेला त्याला कोणी विचारलें नाहीं, आणि ज्या अफगाणाच्या नांवानें गेला त्यालाही नाहीं.

आणखी एक गोष्ट मला मास्तर म्हणून सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत अमेरिकन सरकारच्या मदतखात्यानें नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा येथील शाखेला सुमारें ५ कोटी १० लाख डॉलर दिले. त्यांतून अफगाण मुलांसाठीं दारी व पश्तू भाषांत शाळेचीं पुस्तकें तयार झालीं. आपण मुलांना आंबे, चिंचोके, गोट्या मोजावयास लावतों. त्या पुस्तकांत मुलांनीं मोजावयाच्या त्या बंदुकीच्या गोळ्या, रणगाडे आणि शत्रूचीं मुंडकीं. हिशेब गोळीच्या वेगाचे. मुळाक्षरेंसुद्धां लढाईच्या शब्दांवर बसविलेलीं. छावणीच्या तंबूंत बसलेल्या सहा-सात वर्षांच्या पोराच्या हातीं असें पुस्तक देणाऱ्या विद्वानांस पगार किती मिळाला असेल तो असो. लढाई संपल्यावरही तीं पुस्तकें वर्गांत राहिलीं. पुढें तालिबाननेंही तींच वापरलीं. फक्त चित्रांतल्या माणसांचे चेहरे खोडले, कारण चित्र काढणें त्यांना धर्मबाह्य वाटे. बंदुका तशाच ठेवल्या.

रशियाची फौज १५ फेब्रुवारी १९८९ रोजीं परत गेली. १९९२ पासून अमेरिकेचीही मदत बंद झाली व तिचें लक्ष उडालें. माणसें व हत्यारें मात्र जागच्या जागीं. खांद्यावरून उडवून विमान पाडणारे 'स्टिंगर' बाण अमेरिकेनेंच दिले होते, ते परत मिळविण्यासाठीं तिला पुन्हां पैसे मोजून विकत घ्यावे लागले! हेकमतियारनें काबूल शहरावर तोफा डागून हजारों लोक मारले. गाजरगवत आपल्या रानांत कोणी मुद्दाम पेरलें नाहीं. परदेशी गव्हाच्या पोत्यांतून आलें म्हणतात. आज तें कोणत्या बांधावर नाहीं?

येथें एक गैरसमज काढून टाकतों. अमेरिकेनें ओसामा बिन लादेनला आपल्या हातानें पैसे दिले, असें आपल्याकडे सर्रास बोलतात. त्याला पुरावा नाहीं. तो स्वतःचे व अरबस्तानांतून जमविलेले पैसे घेऊन आला होता. पण ज्या रणांगणावर तो मोठा झाला तें या गुप्त पैशानें दहा वर्षें धगधगत ठेवलें होतें. दुसऱ्याच्या हातून लढाई कशी करावी आणि आपण नामानिराळें कसें राहावें, ही विद्या आय. एस. आय. त्याच दहा वर्षांत पक्की शिकली. १९९० च्या सुमारास लष्कर-ए-तय्यबा जन्मली ती अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतांत, आणि लवकरच तिनें आपलें तोंड काश्मीराकडे वळविलें. पाकिस्तानही सुटलें नाहीं. ज्या पेशावरांतून हत्यारें वांटलीं गेलीं त्याच पेशावरांत १६ डिसेंबर २०१४ रोजीं तेथील तालिबाननें एका शाळेंत शिरून १३० हून अधिक मुलें मारलीं.

आतां जागल्याकडे वळूं.

जानेवारी २००० मध्यें मलेशियांतील क्वालालंपूर येथें अल-कायदाचे कांहीं लोक जमले. सी. आय. ए.नें त्यांच्यावर पाळत ठेविली. त्यांतील खालिद अल-मिहधार याच्याजवळ अमेरिकेंत शिरण्याचा परवाना आहे हें तिला कळलें. नवाफ अल-हाझमी हा त्याचा सोबती. पण त्यांचीं नांवें वेशीवर अडवावयाच्या यादींत कोणी घातलीं नाहींत. देशांतला तपास करणाऱ्या एफ. बी. आय. खात्यालाही रीतसर कळविलें नाहीं. दोघे राजरोस कॅलिफोर्नियांत उतरले. सॅन डिएगो येथें कांहीं काळ ज्याच्या घरीं भाड्यानें राहिले तो घरमालक तर एफ. बी. आय.चाच खबऱ्या होता! यादींत नांवें चढलीं ऑगस्ट २००१ च्या अखेरीस. ११ सप्टेंबरला हे दोघे पेंटॅगॉनवर आदळलेल्या विमानांत होते. त्या दिवशीं सुमारें तीन हजार माणसें मेलीं. खबर नव्हती असें नाहीं. खबर दोन कपाटांत होती आणि किल्ल्या दोन निराळ्या कनवटींना. दप्तर ज्याच्या हातीं त्याचा तोरा, हें आपल्या आजापणज्यांस कोणी शिकवावें लागलें नव्हतें.

मुंबईच्या बाबतींत तेंच झालें. दाऊद गिलानी नांवाचा एक इसम. बाप पाकिस्तानी, आई अमेरिकन. हेरॉइनच्या चोरट्या व्यापारांत दोनदां सांपडला आणि शिक्षा हलकी व्हावी म्हणून अमेरिकेच्या अंमली पदार्थांच्या खात्याचा खबऱ्या झाला. पुढें तो लष्कर-ए-तय्यबाच्या छावण्यांत शिकूं लागला. २००५ सालीं त्याच्या एका बायकोनें न्यूयॉर्कमध्यें तपासवाल्यांना हें सांगितलें. २००६ सालीं नांव बदलून तो डेव्हिड हेडली झाला, मुंबईस आला, ताडदेवास कचेरी थाटली, ताजमध्यें उतरला, होडींत बसून किनारा हेरला. हल्ल्यापूर्वीं पांच फेऱ्या केल्या. २००७ च्या अखेरीस दुसऱ्या बायकोनें इस्लामाबादच्या अमेरिकन वकिलातींत जाऊन त्याच्याविरुद्ध सांगितलें. माहिती पुरेशी ठोस नाहीं, असें ठरलें. बाई कळकळीनें सांगते आणि साहेब कागद बाजूस सारतो, हा प्रकार आपल्या आयाबहिणींना नवा नाहीं. हा इसम केव्हांपर्यंत सरकारचा खबऱ्या होता, याविषयीं अमेरिकन अधिकाऱ्यांचीं बोलणीं एकमेकांशीं जुळलीं नाहींत. अमेरिकेनें मुंबईवर हल्ला करविला, असें मी म्हणत नाहीं. तसा पुरावा नाहीं. पाळलेला खबऱ्या उलटला तरी त्याच्याकडे बघावयाचें नाहीं, एवढें मात्र घडलें.

आपल्या घरींही डोळे मिटलेले होते. समुद्रावाटे हल्ला होईल, एकाच वेळीं अनेक ठिकाणीं होईल, ताज हॉटेलावर होईल, अशा सूचना आधीं येऊन पडल्या होत्या. एका खात्यानें दुसऱ्याकडे कागद धाडला कीं आपलें काम झालें, असा खाक्या. त्या रात्रीं दहा जण कुलाब्याला होडींतून उतरले तेव्हां त्यांना पहिल्यानें हटकलें तें किनाऱ्यावरच्या कोळी लोकांनीं.

अमेरिकेनें निदान एक केलें. दोन्ही पक्षांचें मंडळ नेमून ११ सप्टेंबरच्या चुकांचा अहवाल २००४ सालीं पुस्तक करून दुकानांत ठेवला. आपल्या राज्य सरकारनें राम प्रधान समिती नेमली, पण तिनें पाहावयाचें तें मुंबई पोलिसांपुरतें. दिल्लीच्या हेरखात्यांची तशी जाहीर चौकशी झालीच नाहीं. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपण रस्त्यासाठीं, रेशनसाठीं वापरतों. हीं खातीं, लांचलुचपत व मानवी हक्कांची बाब सोडल्यास, त्याच्याबाहेर आहेत. जागल्यानें कोणत्या वाटेनें फिरावें तें चव्हाट्यावर सांगूं नये, कबूल. चोरी झाल्यावर तो कोठें होता, हें तरी विचारूं द्याल कीं नाहीं?

हेडली २००९ सालीं शिकागोंत पकडला गेला. भारताच्या हवालीं करणार नाहीं, असा करार करून त्यानें गुन्हा कबूल केला. २०१३ सालीं ३५ वर्षांची शिक्षा झाली. त्याचा साथीदार राणा यास एप्रिल २०२५ मध्यें भारतांत आणलें. हेडलीची साक्ष मात्र मुंबईच्या न्यायालयानें २०१६ सालीं घेतली ती पडद्यावर. तो तेथल्या कोठडींत, आपले लोक येथें बांकांवर.

अध्यक्षमहाराजांनीं खूण केली आहे, तेव्हां थांबतों. मंडळींना कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं विचारावें. मागें बसलेल्या बायकांनींही विचारावें.