विरजणाची वाटी

पावसाळ्यातली मासेमारी बंदी आपल्याला ठाऊक आहे. ती काळाची बंदी. मी बोलणार आहे जागेच्या बंदीबद्दल. प्रवाळाचा एखादा पट्टा बारा महिने बंद; तिथे जाळं नाही, गळही नाही. असं म्हटलं की लगेच विचारतात, मग कोळ्यांनी खायचं काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर फिलिपिन्समधल्या सुमिलोन बेटावर मिळतं. तिथे १९७४ साली सुमारे पाव प्रवाळ बंद केलं, बाकीच्यावर मासेमारी चालूच होती. १९८४ मध्ये बंदी मोडली. जागा वाढली, म्हणजे मासळी वाढायला हवी ना? दोन वर्षांत ती जवळजवळ निम्म्यावर आली! पुन्हा सांगतो, कारण हे ऐकूनही कानाआड जातं : जागा वाढली आणि मासळी घटली. रोज दही लावणाऱ्या घरात चमचाभर विरजण वाटीत झाकून ठेवतात. कुणी कितीही भुकेला असो, त्या वाटीला हात लावायचा नाही. सुमिलोनला ती वाटीच चाटूनपुसून खाल्ली.

असं का होतं? जाळ्यात आणि गळाला आधी जाते ती मोठी मासळी, आणि खरं विरजण तीच. एकसष्ट सेंटिमीटरची एक तांबडी स्नॅपर मादी बेचाळीस सेंटिमीटरच्या २१२ माद्यांइतकी अंडी घालते. पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जाऊन रुजतात. ऑस्ट्रेलियातल्या केपल बेटांजवळ दोन जातींच्या पिल्लांची डीएनए तपासणी झाली. प्रवाळाचा २८ टक्के भाग बंद होता, पण आसपासची निम्मी पिल्लं त्याच भागातल्या आईबापांची निघाली. म्हणजे शेजारणीचं दहीसुद्धा आपल्याच वाटीतल्या विरजणाने लागलेलं! ‘मासे नुसते बाहेरून आत पळाले असतील’ ही शंका इथे टिकत नाही.

बांगड्यासारख्या भटक्या माशाला या वाटीचा उपयोग थोडा, आणि तापलेल्या पाण्याला तर हद्दच कळत नाही, हे कबूल. मालवणच्या अभयारण्याला मच्छीमारांचा विरोध आहे, तोही मी वेडेपणा मानत नाही. वाटी कुठे ठेवायची हे घरातल्यांना न विचारता ठरवलं, तर ती कोण सांभाळेल? फिलिपिन्समधल्याच अपो बेटावर १९८२ पासून गावकरीच राखण करतात. राहता राहिलं, वाटी केवढी हवी. ग्रेट बॅरियर रीफवर २००४ साली बंद क्षेत्र साडेचार टक्क्यांवरून तेहेतीसवर नेलं; आपल्या किनाऱ्याला तेवढं झेपेल का, हा हिशेब मांडायचा होता, पण वेळ संपल्याची खूण झालीय.