रॉकचं गाणं, घरचा पियानो

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये फारोख बुलसारा नावाचा एक पारशी मुलगा पियानो शिकत होता. शाळेतल्या मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँडही काढला होता. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. १९७५ साली त्याच्या ‘क्वीन’ या बँडचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणं आलं, ते त्याने पियानोवरच रचलेलं. त्या काळातला त्याचा यामाहा बेबी ग्रँड २०२३ साली लंडनला सद्‌बीजच्या लिलावात सतरा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

साहजिकच, घरच्या पियानोवर रॉकचं गाणं वाजवून रेकॉर्ड करायचं म्हटलं की अनेकांना आधी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च आठवतं. त्याच्या पहिल्या भागाचा आधार तर पियानोच आहे. डावा हात उजव्या हातावरून पलीकडे नेऊन वरचे सूर वाजवायची फ्रेडीची लकब सरावाने हाती बसते. खरी परीक्षा नंतर येते. गाण्यातला ऑपेरासारखा भाग संपतो आणि क्वीनच्या ब्रायन मे यांची गिटार कडाडते, तिथे.

पियानोची हातोडी तारेवर आदळते आणि त्याच क्षणापासून सूर विझायला लागतो. डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारचं तसं नाही. तिचा लांब सूर बराच वेळ सारख्याच जोराने भरून राहतो. त्यात ड्रम आणि बासची भर. एकट्या पियानोला हा सगळा भराव स्वतःच्या विझत्या सुरांतून उभा करायचा असतो, आणि वादनापासून मिक्सिंगपर्यंतच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

पहिला उपाय बोटांत आहे. लांब सूर धरून ठेवण्याऐवजी तो अष्टकात, पुन्हा पुन्हा, तालावर वाजवायचा. गंमत म्हणजे गिटारचा तो प्रसिद्ध तुकडाही मुळात फ्रेडीनेच पियानोवर रचला होता, त्यामुळे तो अष्टकांत शोभतो. पेडल मात्र जपून वापरावं लागतं. प्रत्येक कॉर्डबरोबर ते सोडून पुन्हा दाबलं नाही, तर खालच्या पट्टीतले सूर एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो.

मग माईक. फ्लॅटमध्ये बहुधा अपराइट पियानो असतो, तोही भिंतीला चिकटवलेला. तो थोडा पुढे ओढावा, वरचं झाकण उघडावं, जमल्यास समोरची फळीही काढावी. दोन माईक लावायचे, तर एक खर्जाच्या बाजूला आणि दुसरा वरच्या पट्ट्यांच्या बाजूला. अगदी जवळ नेले तर हातोड्यांची खटखट आणि पेडलची कुरकुर सुरांइतकीच ठळक येते. फार लांब नेले तर खोलीच जास्त ऐकू येते. मागे रजई टांगली तरी बराच फरक पडतो. पंखा बंद, फ्रीज थोडा वेळ बंद, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या थांबेपर्यंत धीर. सूर विझत विझत शेवटी खोलीच्या शांततेत मिसळतो. ती शांतताच नसेल तर त्याचं शेपूट पंख्याच्या घरघरीत हरवतं.

मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्याचीही नोंद घ्यावी लागते. दमट हवेने पियानोचा लाकडी साउंडबोर्ड फुगतो आणि सूर चढतात. ट्यूनरला बोलवायचं ते रेकॉर्डिंगच्या तोंडावर, दोन महिने आधी नव्हे. डिजिटल पियानो असेल तर ही कटकट नाही. तिथे ‘मिडी’ पद्धतीने प्रत्येक पट्टीचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत नोंदला जातो, आणि एखादा चुकलेला सूर नंतर दुरुस्तही करता येतो.

रेकॉर्ड करताना पातळी बेताची ठेवावी. २४ बिटमध्ये सर्वांत मोठा आघात उणे १० ते १२ डेसिबलपर्यंत गेला तरी पुरे. आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज जोडता येत नाही.

मिक्सिंगमध्ये इक्वलायझरने २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा थोडा उतरवला की पियानो मोकळा होतो. कॉम्प्रेसर मोठे आघात दाबतो. मग एकूण आवाज वाढवला की विझणारा सूर उचलला जातो आणि रॉकचा भराव मिळतो. पण सुरासोबत खोलीतली घरघरही वर येते, म्हणून दोनास एक एवढं प्रमाण सुरुवातीला बस्स. कॉम्प्रेसरचा अटॅक थोडा सावकाश ठेवावा, म्हणजे हातोडीचा ठोसा शाबूत राहतो. रिव्हर्बमधून खर्ज गाळून टाकावा. दोन्ही माईक एकत्र करून, मोनोमध्येही ऐकावं. फेज जुळत नसेल तर काही सूर तिथे अचानक पातळ होतात.

शेवटी फोनवर ऐकायचं, कारण बहुतेक श्रोते तिथेच ऐकणार. गाण्याच्या सुरुवातीची पट्टी बी फ्लॅट. डाव्या हाताचा खालचा बी फ्लॅट सुमारे ५८ हर्ट्झचा, आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथवर पोचतच नाही. इक्वलायझरने खर्ज कितीही चढवला तरी तो ऐकू येत नाही. अशा वेळी जाणकार कॉम्प्युटरसमोरून उठून पुन्हा पियानोवर बसतात आणि त्या ओळीला वरच्या सप्तकातला, ११७ हर्ट्झच्या आसपासचा बी फ्लॅट जोडून ती नव्याने रेकॉर्ड करतात.