स्वागताध्यक्षांचे भाषण : चाल, मन आणि लहान मेंदू



बावनथडीकाठच्या या धानपट्ट्यात स्वागत समितीतर्फे आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

मेंदूवरची परिषद नागपूर सोडून सिहोऱ्यात कशाला, असे काहींनी विचारले. उत्तर आमच्या तुमसर तालुक्यातच आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर चालही बिघडते आणि स्वभावही. अशा रुग्णांची पहिली नोंद जेम्स कूपर यांनी १८३७ मध्ये स्कॉटलंडमध्ये केली. या आजारात मुख्य इजा मेंदूतल्या खोलवरच्या बेसल गँग्लियाला होते. पण चाल आणि मन यांचे मेंदूत जवळचे नाते आहे, हे त्यातून दिसते.

या नात्याचाच प्रश्न आपण संशोधक या परिषदेत लहान मेंदूला विचारणार आहात. तो तोल सांभाळतो, एवढेच आम्ही शाळेत शिकलो. आकाराने मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा. पण एकूण सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज तिथेच. त्याला इजा झाली की विचार आणि भावनाही बदलतात, हे श्माहमन आणि शर्मन यांनी १९९८ मध्ये मांडले. मात्र इजेवरून निरोगी मेंदूचे काम पुरते कळत नाही. म्हणून कवटी न उघडता बाहेरून चुंबकीय स्पंद किंवा एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह द्यायचा आणि भावनेत काय बदलते ते पाहायचे. चुंबकीय पद्धत शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये दाखवली. रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेतील डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्याला असे स्पंद दिले. लुटुपुटूच्या उपचाराशी तुलना करता उदासी आणि निरुत्साह कमी झाल्याचे त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले.

यजमान म्हणून एक मागणी करतो. यंत्र कुठेही नेता येते. मनःस्थिती मोजणारी प्रश्नावली तशी नेता येत नाही. खडी गंमत हे लोकनाट्य पाहून खदखदून हसणारा आणि धान पाण्यात गेल्यावर गप्प होणारा आमचा माणूस झाडीबोलीत बोलतो. त्याला परक्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून राग ओळखायला सांगितले, तर चुकेल चाचणी आणि दोष जाईल लहान मेंदूला. इथल्या बोलीत, इथल्या चेहऱ्यांनिशी चाचण्या तयार करण्याचा ठराव इथेच करा. त्यासाठी शाळेच्या खोल्या आणि बोलीचे जाणकार आम्ही देऊ. प्रयोगात कोण बसेल, हे मात्र ज्याने-त्याने सारे समजून घेऊन स्वतः ठरवावे.

दुपारी पंगतीला याच शिवारातला भात आहे. पोटभर जेवा, मोकळेपणाने वाद घाला.