पातेल्यावर कोणाचं नाव?

(सांगली येथे बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

मला बोलायला सांगितलं होतं ते गटाच्या हिशेबाविषयी. पण गेल्या महिन्यात खटाव तालुक्यातल्या एका गावात मी एक पातेलं बघितलं, आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. तेव्हा आधी त्याविषयी बोलते. हिशेबाचा विषय त्यातूनच निघेल.

मंडळाची जुनी खोली पाडायची होती. सामान अंगणात काढलं होतं. शंभर माणसांची आमटी शिजेल असं पितळी पातेलं, दोन पराती, पत्र्याची कुलूपपेटी, पावती पुस्तकांचे गठ्ठे, रबरी शिक्का आणि काच तडकलेला एक फोटो. फोटोत खुर्च्यांवर नऊ पुरुष, मागे अकरा उभे, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. पातेल्याच्या काठावर कोरलं होतं, 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई'. शेजारी भंगारवाला काटा घेऊन उभा.

आपल्यातल्या तरुण मुलींना हे मंडळ म्हणजे काय ते सांगायला हवं. माण, खटाव, आटपाडी, जत हा आपला दुष्काळी पट्टा. इथले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाची खोली असायची. पाळी संपवून आलेला झोपायचा, त्याच्या जागेवरचा उठून कामाला जायचा. दरमहा वर्गणी निघायची. कोणी आजारी पडलं, कोणी गेलं, कोणाची नोकरी सुटली, तर त्या वर्गणीतून मदत. उरलेल्यातून गावच्या देवळाला घंटा, शाळेला पत्रे आणि लग्नकार्यासाठी ही भांडी. विमा नाही, कायदा नाही, नुसता एकमेकांच्या शब्दावर चाललेला कारभार. मला त्याचं कौतुकच वाटतं, हे आधीच सांगून ठेवते.

इंग्लंड-अमेरिकेतही कामकरी माणसांच्या अशाच मंडळ्या होत्या. 'ऑड फेलोज' हे त्यातलं एक मोठं नाव. त्यांचे बिल्ले, पट्टे, फिती आज हौशी लोक पैसे मोजून जमवतात. काही फिती दुहेरी असत. एक बाजू रंगीत, सभेसाठी. दुसरी काळी, सोबत्याच्या अंत्ययात्रेसाठी. नुसती उलटून लावायची. आपल्या मंडळांना असले बिल्ले परवडणारे नव्हते. आपली निशाणी म्हणजे पातेलं, आणि पातेलं पितळेच्या भावानं विकलं जातं.

तिथं एक आजी बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, हे पातेलं कुणाचं?"

"मंडळाचं."

"मंडळ म्हणजे कोण?"

"बाप्ये."

"आणि घासलं कुणी?"

आजी हसल्या. मग हळूहळू बोलायला लागल्या. त्यांचे मालक 1980 साली मुंबईत वारले. मंडळानं पैसे दिले, पण दिले दिराच्या हातात. पावतीवर सही दिराची. "किती दिलं ते मला आजवर ठावं नाही, पोरी," म्हणाल्या. मी त्या वर्षाचं पावती पुस्तक शोधलं, सापडलं नाही. वाळवी लागलेल्या गठ्ठ्यात गेलं असावं.

ही एका आजींची गोष्ट नाही. वर्गणीच्या वहीत कमावत्याचं नाव, म्हणून मदतही पुरुषाच्या हातात. त्याच गिरणगावात या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुरुष गावी परतले, तेव्हा घरं कोणी चालवली? रोजगार हमीच्या खडीवर गेलेल्या बायकांनी. त्यांचा फोटो कोणत्या मंडळाच्या भिंतीवर आहे?

भांड्यावरचं नाव ही फालतू गोष्ट नाही, हे आपण केंद्रात रोज बघतो. टाकलेली बाई सामान मागायला येते, तेव्हा सासरचे म्हणतात, हिनं काही आणलंच नव्हतं. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधन बाईच्याच मालकीचं, सासरी ते नुसतं सांभाळायला असतं. पण आणलं होतं हे दाखवायला लागतं. आमच्याकडच्या एका बाईच्या हंड्यावर तिच्या मामाचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली निघाली, आहेराची वहीही माहेरी जपलेली होती. मग समोरच्यांचा आवाज खाली आला.

अमेरिकेतच रिचमंड गावी मॅगी लीना वॉकर नावाची काळी बाई होऊन गेली. आई एकेकाळची गुलाम, नंतर लोकांचे कपडे धुणारी. मॅगीबाई 1899 पासून सेंट ल्यूक या परस्पर साहाय्य मंडळाच्या प्रमुख होत्या. मंडळाच्या पैशावर त्यांनी 1903 मध्ये बँक काढली. त्यांचं घर आज आतल्या वस्तूंसह राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलंय. आपल्या म्हसवडला चेतना सिन्हा आणि बायकांनी माणदेशी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा बायकांना सही येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि 1997 मध्ये बँक उभी राहिली. अंगठ्यांचा तो पहिला कागद मला बघायला फार आवडेल.

आता आपल्याकडे येते. किती गटांच्या वहीत 'सौ. पाटील', 'सौ. जाधव' एवढंच लिहिलेलं आहे? एका गावात सात सौ. पाटील असतात. बाईचं स्वतःचं नाव लिहा. भिशीची जुनी वही भरली की चुलीत घालू नका. सासूच्या, आजीच्या फळीवरची भांडी उतरवा, काठावर काय कोरलंय ते वाचा, उतरवून घ्या. मोडीत द्यायची वेळ आलीच तर आधी फोटो काढा. आणि गटातून कोणा विधवेला मदत गेली तर ती तिच्याच हातात, तिच्याच सहीनं किंवा अंगठ्यानं.

त्या पातेल्याचं सांगायचं राहिलं. आम्ही चौघींनी मंडळाच्या लोकांशी बरीच हुज्जत घातली. पराती गेल्या, पातेलं आणि फोटो शाळेच्या खोलीत ठेवलाय. फोटोतल्या वीसपैकी सहाजणांच्या बायका अजून गावात आहेत. पुढच्या रविवारी त्या शाळेत येणार आहेत. ज्यांचं अक्षर बरं आहे अशा दोघीतिघी मला हव्यात. सकाळची साताऱ्याची एस.टी. धरायची आहे, तेव्हा सभा संपल्यावर मला भेटा.