खडीचा रस्ता



नोव्हेंबर महिना लागतो, पाऊस पुरता परततो आणि रानातल्या वाटा सुकू लागतात. मग बेळगावाहून जांबोटीच्या दिशेने भल्या पहाटे काही सायकलस्वार निघालेले दिसतात. त्यांच्या सायकली नेहमीच्या घाटणीच्या नसतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते. टायर मात्र चांगले दीड इंच रुंद असून त्यांत हवा बेताचीच भरलेली असते. या मंडळींना डांबरी सडक नको असते. जांबोटीच्या पुढे सडक सोडून झाडीत शिरणारी मुरमाची तांबडी वाट दिसली, की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटते.

त्याच वाटेने त्याच वेळी समोरून एखादी गावकरीण येत असते. डोक्यावर ओझे, हाती मूल, आणि मनात एकच घोर, की सडकेवरची बस निघून तर जाणार नाही? सायकलस्वाराने जी वाट हौसेने शोधून काढली, ती या बाईच्या पायांखाली लहानपणापासून आहे, आणि तिची तिला हौस मुळीच नाही. एकाच वाटेवरच्या या दोन वाटसरूंना नजरेसमोर ठेवून खडीच्या रस्त्याचा थोडा विचार करावयाचा आहे.

खडीवरून सायकल चालविण्याच्या या छंदाला परदेशात आता खेळाचे रूप आले आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, एम्पोरिया गावाभोवतीच्या टेकड्यांतून २००६ साली दोनशे मैलांची एक शर्यत झाली. तिच्यात अवघे चौतीस स्वार होते. आज त्याच शर्यतीला हजारोंनी लोक लोटतात. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. इंग्लंडात तर १९५५ सालीच काही सायकलप्रेमींनी आडवाटांनी हिंडण्यासाठी 'रफ-स्टफ फेलोशिप' नावाचे मंडळ स्थापन केले होते. नाव नवे असले, तरी गोष्ट जुनी आहे. आपल्याकडचा टपालवाला, दूधवाला आणि खेड्यावरचा मास्तर यांनी पिढ्यान् पिढ्या साध्या काळ्या सायकलीवरून अशाच वाटा तुडविल्या. त्याला खेळ म्हणावे असे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

यात एक गमतीचा विरोधाभास आहे. चांगल्या सडका व्हाव्यात म्हणून पाश्चात्त्य देशांत पहिली मोठी ओरड केली ती मोटारवाल्यांनी नव्हे, तर सायकलवाल्यांनी! इंग्लंडात १८८६ साली रस्तेसुधारणेसाठी जी संस्था निघाली, तिच्यामागे सायकलस्वारांच्याच संघटना होत्या. अमेरिकेतील सायकलस्वारांच्या संघाने १८९२ साली त्यासाठी खास मासिक काढले. सडका झाल्या, पण मोटारींनी त्या भरून गेल्या, आणि सायकलवाल्याला पुन्हा जुन्या खडीच्या वाटेकडे वळावे लागले.

खडीचा रस्ता म्हणजे अपुरा राहिलेला डांबरी रस्ता, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. ज्या मॅकॅडमच्या नावाने अशा रस्त्यांची पद्धत ओळखली जाते, त्या स्कॉटिश गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोन गोष्टींवर भर दिला. खडी लहान व टोकदार असावी, म्हणजे रहदारीच्या भाराने ती एकमेकींत घट्ट बसते. आणि रस्ता भोवतालच्या जमिनीहून उंच, मध्ये किंचित फुगीर ठेवावा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंच्या चरांत निघून जाते. रस्त्याचा खरा शत्रू चाक नव्हे, तर साचलेले पाणी होय, हे त्याने ओळखले होते.

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात तर या सूत्राची परीक्षाच असते. येथे जमिनीत जांभा आहे. हा दगड खाणीत मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. पण त्याचा भुगा पावसात घसरगुंडी बनतो आणि उन्हाळ्यात धूळ होऊन उडतो. कणकुंबीच्या परिसरात पाऊस शेकड्यांनी नव्हे, तर हजारो मिलिमीटरांनी मोजावा लागतो. चर बुजले, मोरी तुंबली, की एकाच पावसाळ्यात वाटेचा ओढा होतो.

असे असूनही या वाटांचे सौंदर्य विलक्षण आहे. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला वळते, कूडलसंगमाला कृष्णेस मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. तेथून फार दूर नाही अशा देगावच्या रानात म्हादई जन्मते. ती पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. मोटारीत बसलेल्या प्रवाशाला या दोन पाणलोटांमधील चढ कधी आला आणि कधी गेला, हे समजतही नाही. सायकलस्वाराला तो पोटऱ्यांवरून समजतो. पुढे चोर्ल्याला आले, की घाटाखाली सत्तरीचे हिरवे खोरे एकदम उघडते.

खडीवर सायकल चालविण्याची रीतही वेगळी आहे. टायर दगडासारखा टणक फुगवला, तर तो खड्यांवरून उसळतो. थोडा सैल ठेवला, तर खड्यांना कवटाळून चालतो. हँडल गच्च आवळू नये, हात ढिले असावेत. उतारावर वेग कमी करावयाचा तो वळणाच्या आधी, वळणात नव्हे. कारण जांभ्याचे गोल खडे गोट्यांसारखे सरकतात, आणि ऐन वळणात दाबलेला ब्रेक स्वाराला थेट चरात नेऊन सोडतो. पंक्चरचे सामान, पंप आणि भरपूर पाणी बरोबर हवेच, कारण पुढच्या वळणावर दुकान असेल या भरवशावर रानात शिरता येत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की हे रान कोणा एकट्याचे नाही. भीमगडचा परिसर २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. गोव्याच्या हद्दीतील म्हादई अभयारण्य १९९९ पासूनचे आहे. येथे गवे आहेत, अस्वले आहेत, बिबटे आहेत. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत एका दुर्मिळ वटवाघळाची वस्ती आहे. ही जात जगात केवळ तेथेच असावी, असा प्राणिशास्त्रज्ञांचा दीर्घकाळ समज होता. म्हणून वनखात्याच्या परवानगीवाचून आत शिरू नये, अंधार पडण्यापूर्वी बाहेर यावे, आणि वाट ओली असताना तीवरून चाके नेऊ नयेत. ओल्या मातीत उमटलेली चाकोरी पुढच्या सरीला आयता पाट होते आणि वाट तेथूनच फुटू लागते.

आता पुन्हा त्या गावकरणीकडे वळू. आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा या रानातल्या गावांना पावसाळा म्हणजे कोंडवाडा. ओढ्याला पूर आला, की लाकडी साकवाचाच काय तो आधार. आजारी माणसाला डोलीत घालून चिखलातून मैल न् मैल सडकेपर्यंत आणावे लागते, आणि वेळेवर पोहोचण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. या हालांना कंटाळून काही जण रान सोडण्याचाही विचार करतात. तळेवाडीतील कुटुंबांच्या स्थलांतराला तर २०२५ साली प्रत्यक्ष सुरुवात झाली. अशा माणसांपुढे खडीच्या वाटेचे सौंदर्य वर्णन करणे, हे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे.

उलट बाजूही खोटी नाही. रानातून रुंद डांबरी रस्ता गेला, की मागोमाग भरधाव वाहने येतात, रात्री जनावरे चाकांखाली सापडतात, आणि ज्या झाडीने दोन्ही नद्यांचे पाणी धरून ठेवले आहे, ती विरळ होत जाते. म्हणून एकीकडे "डांबर द्या" आणि दुसरीकडे "रानाला हात लावू नका", असा वाद वर्षानुवर्षे चालतो आणि वाट मात्र होती तशीच राहते.

परंतु खडी आणि दुर्लक्ष या दोन गोष्टी एक नव्हेत. एम्पोरियाजवळच्या ज्या खडीच्या रस्त्यांवर सायकलींची शर्यत भरते, ते काही शर्यतीसाठी केलेले नाहीत. ते शेतकऱ्यांसाठी आणि गुरे पाळणाऱ्यांसाठी आहेत आणि स्थानिक प्रशासन ते राखते. आपल्या डोंगरातही चर उपसलेले असावेत, मोऱ्या मोकळ्या असाव्यात, ओढ्यांवर पक्के साकव असावेत आणि दर पावसाळ्यानंतर मुरूम पसरून रोलर फिरवावा. एवढे झाले, तर रुग्णाची गाडी गावापर्यंत पोहोचेल, आणि तरीही तो रस्ता भरधाव मोटारींना आमंत्रण देणार नाही. अभयारण्याच्या नियमांत बसवून करण्याजोगे हे काम आहे; त्यासाठी लागते ती चिकाटी, कारण दुरुस्तीचे उद्घाटन करायला कोणी येत नाही.

येथेच सायकलस्वाराचेही एक काम निघते. मोरी कोठे तुंबली, साकवाची कोणती फळी कुजली, हे मोटारीतल्या अधिकाऱ्यापेक्षा त्याला अधिक स्पष्ट दिसते. ते टिपून घ्यावे आणि गावच्या पंचायतीबरोबर आपणही अर्जावर सही करावी. जेवण शहरातून बांधून न नेता गावातल्या घरी पैसे देऊन भाकरी खावी, आणि वाटेत कोणी ओझे घेऊन समोरून आले, तर सायकलवरून उतरून आधी वाट द्यावी. रविवार सरला की स्वार डांबरी सडकेवर परत जातो. गावकरणीला सोमवारीही त्याच वाटेने बस गाठावयाची असते.