मोटारीच्या टायरची निवड : उन्हाळा, वेग आणि सुरक्षितता



मोटार विकत घेताना तिचा रंग, इंजिनाची शक्ती आणि इंधनाची बचत यांची चौकशी प्रत्येक जण करतो. ती ज्यांच्या आधारावर धावते, त्या टायरची चौकशी मात्र क्वचितच होते. सव्वा-दीड टन वजनाच्या मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो केवळ चार ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणचा स्पर्श साधारणतः माणसाच्या तळहाताएवढ्याच जागेपुरता असतो. वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे या चार तळहातांवर सोपविलेली असतात.

महाराष्ट्रात या विषयाला आता विशेष महत्त्व आले आहे. मुंबई व नागपूर यांना जोडणाऱ्या ७०१ कि.मी. लांबीच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. ताशी १२० कि.मी. ही मोटारींची वेगमर्यादा असलेल्या या मार्गावर टायर फुटून अपघात घडू लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाला वाहनांच्या टायरची तपासणी हाती घ्यावी लागली. गावच्या रस्त्यावर ताशी ५०-६० कि.मी. वेगाने वर्षानुवर्षे निर्वेधपणे चाललेला टायर अशा मार्गावर का दगा देतो, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

समजा, एक शिक्षक मे महिन्यात कुटुंबासह नागपूरहून शिर्डीला निघणार आहेत. मोटार सात वर्षांची असली, तरी तिचा वापर बेताचाच. टायरवरील नक्षी अद्याप खोल दिसते. साहजिकच टायर बदलण्याचा खर्च त्यांना अनावश्यक वाटतो. त्यांचा हा निर्णय योग्य ठरेल काय?

टायरचा खरा शत्रू उष्णता होय. चाक फिरत असताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, तो दबतो आणि वर येताच पूर्ववत होतो. मिनिटाला शेकडो वेळा होणाऱ्या या दाबण्या-सुटण्यातून उष्णता निर्माण होते. वेग वाढला, ओझे वाढले किंवा हवा कमी असली, की ती अधिकच वाढते. त्यात विदर्भातील पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि त्याहून कितीतरी अधिक तापलेला रस्ता यांची भर पडते. रबर आणि त्यातील तारांचे थर यांची पकड सुटू लागते आणि अखेर टायर फुटतो. वेग दुप्पट झाला की मोटार थांबविण्यासाठी ब्रेकना शोषावी लागणारी ऊर्जा चौपट होते. ताशी १२० कि.मी. वेगाने मोटार एका सेकंदात ३३ मीटर अंतर कापते. अशा वेळी चूक सुधारण्यास चालकाला अवधी मिळत नाही.

टायरच्या बाजारात अलीकडे ‘समर टायर’ आणि ‘हाय परफॉर्मन्स’ हे शब्द वारंवार कानी पडतात. त्यांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. युरोपातील अनेक देशांत हिवाळ्यासाठी आणि उन्हाळ्यासाठी निरनिराळे टायर वापरले जातात. सुमारे ७ अंश सेल्सियसखाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन त्याची पकड कमी होते, म्हणून तेथे बर्फाच्या दिवसांत मऊ रबराचे व बारीक चिरा असलेले टायर लावतात. अशा टायरवर पर्वताच्या आकृतीत हिमकणाची खूण असते. आपल्या हवामानात ते लवकर झिजतात आणि त्यांची पकडही कमी पडते. उलट उन्हाळी टायरच्या नक्षीचे ठोकळे मोठे व भक्कम असतात आणि पाणी बाजूला सारणारे चर रुंद असतात. त्याच्या रबरात मिसळलेल्या सिलिकामुळे ओल्या रस्त्यावरही चांगली पकड मिळते. ‘उन्हाळी’ टायर पावसाळ्यात निरुपयोगी असतो, ही समजूत सबब चुकीची आहे.

‘हाय परफॉर्मन्स’ टायर म्हणजे अधिक वेग सोसणारा, वळणावर न डगमगणारा आणि कमी अंतरात मोटार थांबवू शकणारा टायर. हे गुण खरे आहेत, परंतु ते फुकट मिळत नाहीत. अधिक पकड देणारे मऊ रबर लवकर झिजते. अमेरिकेतील पद्धतीनुसार टायरच्या बाजूवर झिजेचा अंक छापलेला असतो. अंक जितका मोठा, तितके आयुष्य अधिक, असा त्याचा ढोबळ अर्थ. त्याशेजारी पकड व उष्णता सोसण्याची क्षमता यांच्या श्रेणी असतात. उष्णतेच्या बाबतीत ‘ए’ ही श्रेणी सर्वांत वरची. झिजेचा अंक प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवीत असल्याने दोन कंपन्यांच्या अंकांची तुलना जपूनच करावी.

टायरच्या बाजूवरील अक्षरे व अंक म्हणजे त्याची जन्मपत्रिकाच होय. उदाहरणार्थ, ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ या खुणेत २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी आहे, तर टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के आहे. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. ९१ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो भार. शेवटचे अक्षर वेगाचे : ‘टी’ ताशी १९०, ‘एच’ २१० आणि ‘व्ही’ २४० कि.मी. मोटार एवढ्या वेगाने चालवायची नसली, तरी वरच्या श्रेणीचा टायर अधिक वेगातील उष्णता सोसण्यासाठी बांधलेला असतो. उत्पादकाने सांगितलेल्या भारांकापेक्षा किंवा वेगश्रेणीपेक्षा खालचा टायर स्वस्त मिळतो म्हणून घेणे हा धोका विकत घेण्याचाच प्रकार होय.

तरुण वर्गात मोठे रिम आणि बसके टायर लावण्याची हौस वाढली आहे. १९५/६५ आर १५ ऐवजी २२५/४५ आर १७ बसविल्यास चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो. परंतु टायरच्या बाजूची उंची १२७ मि.मी.वरून १०१ मि.मी.वर येते. महामार्गाच्या वळणावर मोटार अधिक स्थिर वाटते, हे खरे. मात्र महामार्ग सोडून गावच्या रस्त्याला लागल्यावर पहिल्याच खोल खड्ड्यात टायरच्या बाजूला फुगा येण्याची किंवा रिम वाकण्याची भीती असते. ज्यांची रोजची ये-जा तालुक्याच्या रस्त्यांवर आहे, त्यांनी उत्पादकाने मान्य केलेलेच माप ठेवावे आणि त्या मापात चांगल्या प्रतीचा, ओल्या रस्त्यावर उत्तम पकड देणारा टायर निवडावा. घाटातून नित्य प्रवास करणाऱ्यांनी झिजेच्या अंकापेक्षा पकडीला अग्रक्रम द्यावा.

आता त्या शिक्षकांकडे वळू. त्यांनी टायरच्या बाजूवरील लंबगोल चौकटीतले चार अंक वाचावेत. ‘२३१९’ असे अंक असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. वापर नसला तरी ऊन आणि हवेतील प्राणवायू यांमुळे रबर म्हातारे होते. बाजूवर बारीक भेगा दिसू लागतात. नक्षी खोल असूनही असा टायर वेगाच्या प्रवासाला अयोग्य ठरू शकतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही चांगली असली तरी टायर ठेवू नये. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे. तिचा विसर बहुतेकांना पडतो.

नक्षीची खोली हीही तितकीच महत्त्वाची. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मि.मी. खोल असते. मोटारीसाठी १.६ मि.मी. ही कायदेशीर किमान मर्यादा होय. चरांच्या तळाशी असलेले उंचवटे नक्षीच्या पातळीला आले, की ही मर्यादा गाठली असे समजावे. तथापि ओल्या रस्त्यावरील पकड त्यापूर्वीच घटते. म्हणून पावसाळ्यापूर्वी ३ मि.मी. खोली उरली असतानाच टायर बदलणे शहाणपणाचे. दोनच टायर घ्यावयाचे असतील, तर ते मागील चाकांना लावावेत. मागची चाके घसरल्यास मोटार सावरणे सामान्य चालकाला फार कठीण जाते.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, हा एक घातक समज आहे. हवा कमी म्हणजे टायर अधिक दबणार आणि अधिक तापणार. हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना मोजावा आणि चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिल्याप्रमाणे ठेवावा. सामान व माणसे अधिक असल्यास त्याच पट्टीवर दिलेला वाढीव दाब ठेवावा. धावल्यानंतर दाब काही पौंडांनी वाढतोच. तो पाहून हवा सोडू नये. नायट्रोजन भरला म्हणजे तपासणी नको, असेही नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

ही माहिती केवळ मोटारमालकांच्या कामाची नाही. कार्यालयासाठी टायर खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी दराबरोबर भारांक, वेगश्रेणी आणि उत्पादनाचा आठवडा यांचीही अट घालावी. मुख्याध्यापकांनी मुलांना आणणाऱ्या वाहनांचे टायर सहामाहीतून एकदा स्वतः पाहावेत. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना गावातील रुग्णवाहिकेच्या बाबतीत हेच करता येईल. चार अंक वाचायला आणि एक नाणे चरात घालून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

नव्या टायरच्या संचाला काही हजार रुपये लागतात आणि मध्यमवर्गीय संसाराला ते जड जातात, यात शंका नाही. परंतु शिर्डीच्या वाटेवर त्या शिक्षकांच्या मागच्या आसनावर त्यांची मुले बसलेली असणार आहेत. त्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी खाली वाकून ते चार अंक वाचले आणि जुने टायर बदलले, तर त्यांचा खर्च अनाठायी झाला असे कोणीही म्हणणार नाही.